ॲडजस्ट होणार नाही

पुण्यात आले तेव्हा वाटलं होतं, आता आपलं इंग्रजी सुधारणार. कॉलेजात सर इंग्रजीत बोलणार, नोकरी लागली की साहेब इंग्रजीत बोलणार, चहाच्या टपरीवरची पोरंसुद्धा इंग्रजीत भांडणार. पण पहिल्या वर्षात मी धड एकच क्रियापद शिकले आणि तेच मला सकाळपासून रात्रीपर्यंत पुरलं. ॲडजस्ट.

बसमध्ये दोघींच्या बाकाशी तिसरी येऊन उभी राहते आणि म्हणते, "जरा ॲडजस्ट करा ना." मेसवाल्या मावशी म्हणतात, "आज भाजी संपली गं, आमटीवर ॲडजस्ट कर." दुकानदाराकडे सुटे नसतात, तो दोन गोळ्या पुढे सरकवतो आणि म्हणतो, "ॲडजस्ट करून घ्या मॅडम." माझ्या मैत्रिणींसाठी स्थळं यायची त्या प्रत्येकात एक ओळ ठरलेली, मुलगी ॲडजस्ट करणारी हवी. मुलगा ॲडजस्ट करणारा आहे, असं लिहिलेला बायोडाटा मी तरी अजून पाहिला नाही. कोणाला सापडला तर मला दाखवा, मी फ्रेम करून लावीन.

गंमत म्हणजे हा शब्द मी शाळेत वेगळाच शिकले होते. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक होता, त्याला बाजूला एक स्क्रू होता. तो हळूहळू फिरवायचा, काचेखालचं पान स्वच्छ दिसेपर्यंत. बाई म्हणायच्या, स्क्रू ॲडजस्ट करा. म्हणजे वस्तू फिरवायची आणि माणसाला नीट दिसायला हवं. शाळेच्या फाटकाबाहेर मात्र वस्तू जागच्या जागी राहते आणि माणूस फिरतो. हे मला कोणी शिकवलं नाही, आपोआप कळलं.

आपोआप म्हणजे आईकडे बघून. आमचं गाव यवतमाळकडचं, तालुक्याचं. आई घरीच ब्लाउज शिवते. तिच्या हाताखालून गल्लीतल्या सगळ्या बायका गेल्या आहेत, आणि कोणाच्या दंडाचा घेर लग्नाआधी किती होता अन् नंतर किती झाला हे ती झोपेतसुद्धा सांगेल. बायका यायच्या आणि म्हणायच्या, "ताई, जुनाच आहे, जरा ॲडजस्ट करून द्या." आई शिवतानाच आत शिलाईपाशी जास्तीचं कापड सोडून ठेवायची. त्याला माया म्हणतात. माया ठेवली की उद्या बाई जाड झाली तरी उसवून सैल करता येतं. म्हणून आईचे ब्लाउज वर्षानुवर्षं चालायचे.

कापडाला एवढी सवलत देणारी माझी आई स्वतःला मात्र काडीची सवलत द्यायची नाही. करपलेली भाकरी तिची. फाटकी चादर तिची. पाहुणे आले की पलंग त्यांना आणि जमीन तिला. काही विचारलं की तिचं एकच उत्तर ठरलेलं, "काही पण चालते ना बाप्पा, मले काय होते." लहानपणी मला ते फार मोठं वाटायचं. पुण्याला येऊन स्वतः कमवायला लागले तेव्हापासून माझ्या डोक्यात तिडीक जायला लागली.

मी तेव्हा नारायण पेठेत राहायचे, कॉट बेसिसवर. तिसरा मजला, लिफ्ट नाही, एका खोलीत आम्ही तिघी मुली आणि बाकीच्या घरात घरमालकीण काकू. काकू एकट्याच. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बोलणं अजून ट्रंक कॉलचंच. हॅलो नाही, कशी आहेस नाही. आपण काही सांगायला लागलो की त्या म्हणायच्या, "हं. पुढे?" वाक्य लांबलं की दुसऱ्यांदा "पुढे?" आणि तिसऱ्यांदा त्या स्वयंपाकघरात निघून गेलेल्या असायच्या. आमच्याकडे शेजारीण नुसती मीठ मागायला आली तरी अर्धा तास बसते. काकूंकडे मी पहिल्या आठवड्यात मीठ मागायला गेले तर त्यांनी वाटी हातात दिली आणि दार लावून घेतलं. मी रडले होते हो त्या दिवशी.

काकूंचा एकच धर्म होता. दुपारी एक ते चार. जेवण झालं की त्या दारावरच्या बेलचं बटण आतून बंद करायच्या, खोलीचं दार लोटून घ्यायच्या, आणि मग त्या वेळात जगबुडी झाली तरी ती चारनंतर सांगायची. गॅसवाला, कुरिअरवाला, सख्खा भाचा, सगळे जिन्यात उभे राहायचे. आम्ही मुली सुटीच्या दिवशी त्या वेळात फरशीवर पाय न वाजवता चालायचो.

एका रविवारी मी आईला व्हिडिओ कॉल केला. तिने फोन डब्याला टेकवून ठेवला होता आणि ती कणीक मळत होती. डाव्या हाताने. उजवा हात पदराखाली.

"आई, डाव्या हाताने काहून मळतं?"

"असंच."

"उजवा दाखव."

"दाखवायचं काय त्याच्यात? हात आहे तो."

मी ओरडले तेव्हा तिने पदर बाजूला केला. मनगट सुजलेलं आणि वाकडं. न्हाणीघरात पाय घसरून पडली होती, दोनेक आठवडे झाले होते. गावातल्या एका माणसाने तेल लावून, ओढून, बांधून दिलं होतं. "होते ना कामं डाव्यानं. आता सवय झाली," आई म्हणाली. वर हसली. मशीन बंद होतं. सणाचे ब्लाउज आलेले तसेच परत पाठवले होते, आणि मला मात्र रोज फोनवर सांगत होती, सगळं झकास चालू आहे.

उजवा हात गेला तर शिवण गेलं. शिवण गेलं तर आईचं काय उरतं, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. दिवसभर मशीनवर बसून चार बायकांशी बोलणं, त्यांना ओरडणं, त्यांची मापं काढणं, यावर ती जगत होती. मी गावातल्या मामाला फोन केला आणि तिला गाडीत बसवून द्यायला सांगितलं.

आता प्रश्न राहण्याचा. काकूंचा नियम होता, पाहुणे चालणार नाहीत. मी मनात वाक्य नीट जुळवून गेले. "काकू, माझ्या आईचा हात मोडलाय, इथे दाखवायला आणतेय. थोडे दिवस आमच्या खोलीत ॲडजस्ट होईल का? ती खालीसुद्धा झोपेल, तिला काही पण चालतं."

"नाही," काकू म्हणाल्या.

माझं तोंड एवढंसं झालं. मी वळले तर मागून आवाज आला.

"ॲडजस्ट होणार नाही. हात मोडलेल्या बाईला फरशीवर झोपवतेस? माझ्या खोलीत दुसरा पलंग रिकामा आहे, तिथे झोपतील. जागा असली की आहे म्हणावं, नसली की नाही म्हणावं. मधलं हे काय असतं ॲडजस्ट?"

मी काहीतरी आभाराचं बोलायला गेले. "पुढे?" काकूंनी विचारलं. पुढे काही नव्हतं, म्हणून मी खोलीत गेले.

आई आली. एका हाताने तुरीच्या डाळीची पिशवी तीन जिने चढवून. काकूंनी दारातच विचारलं, "चहा घेणार की कॉफी?"

"काही पण चालते जी ताई."

"काही पण माझ्याकडे नाही. चहा आहे आणि कॉफी आहे."

"तुम्ही जे घ्यान ते."

काकूंनी स्वतःसाठी केली होती ती कॉफी आईला दिली. आईने जन्मात कधी कॉफी प्यायली नव्हती. तिने ती औषधासारखी संपवली आणि कपसुद्धा डाव्या हाताने विसळून ठेवला. दुसऱ्या दिवशी परत कॉफी. तिसऱ्या दिवशी परत. मी म्हटलं, आई सांग ना, तुला चहा पाहिजे म्हणून. तर म्हणते, "कायले? त्याहिले दोन गंज घासा लागतीन." गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो पाहून मान हलवली. हाड वाकडं जुळायला लागलं होतं. भूल देऊन ते परत सरळ बसवलं आणि बोटांच्या मुळापासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला आणि आईला समोर बसवून बजावलं. हात वर ठेवायचा, बोटं हलवत राहायची. आणि बोटं फुगली, निळी पडली, बधिर झाली किंवा फार दुखायला लागलं, तर तडक यायचं. वाट पाहायची नाही. "मावशी, समजलं?" आई म्हणाली, "हाव जी." मला वाटलं, समजलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार. जेवणाच्या सुटीत फोन केला. "कसा आहे हात?" "एकदम मस्त." "बोटं?" "बोटं बी मस्त. तू जेव." मी जेवले.

त्यानंतर जे झालं ते मला काकूंनी सांगितलं, त्यांच्या पद्धतीने, सहा-सात वाक्यांत. बाकीचं आईकडून हळूहळू काढून घ्यावं लागलं.

काकू जेवून, बेल बंद करून आडव्या झाल्या होत्या. आई त्या वेळात झोपत नसे. आल्या दिवसापासून तिने काकूंचा बटणांचा डबा काढून घेतला होता. वर्षानुवर्षांची बटणं, हुक, टिचबटणं, सगळं एकात एक. दुपारभर ती बाहेरच्या खोलीत बसून एका हाताने ती निवडायची आणि पत्र्याच्या झाकणात टाकायची. टण, टण. काकू चडफडायच्या पण बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी आवाज आला नाही. काकू म्हणाल्या, "मला वाटलं बरं झालं, आज शांतता. मग झोपच येईना. आयुष्यभर कानाला लाइन लावून बसलेली बाई आहे मी. लाइन गप्प झाली की आम्ही आधी उठून बघायचो, काय तुटलंय."

म्हणून एक ते चारच्या मधे काकू उठल्या. माझ्या माहितीत पहिल्यांदाच.

आई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. हात पदरात गुंडाळलेला. पदराचं टोक दातात.

"दुखतंय का?" काकूंनी विचारलं.

"नाही जी ताई. थोडंसं आवळते. प्लास्टर आहे म्हटल्यावर आवळीनच ना. तुम्ही कायले उठल्या? झोपा."

"बोटं दाखवा."

"राहू द्या ना."

काकू खाली बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या खाली बसत नाहीत. त्यांनी पदर स्वतःच बाजूला केला. बोटं वांग्यासारखी जांभळी झाली होती आणि फुगून एकमेकांना चिकटली होती.

"हलवा."

आईने प्रयत्न केला. बोटं हलली नाहीत.

"आता मी विचारते त्याचं एका शब्दात उत्तर द्या. चालतं नाही, होतं नाही, सहन नाही. दुखतंय? हो की नाही?"

आईने डोळे मिटून घेतले, असं काकू म्हणतात. मग म्हणाली, "हो." आणि हमसून हमसून रडायला लागली.

काकू गाऊनवर आहेत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. ज्या बाई कोपऱ्यावर कोथिंबीर आणायलासुद्धा इस्त्रीची साडी नेसून जातात, त्या गाऊनवर, पायात न्हाणीघरातल्या चपला, आईचा दंड धरून तीन जिने उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी रिक्षा अडवली. दुपारी रिक्षावाले थांबत नाहीत. तो थांबला. काकू समोरून हलतच नव्हत्या तर करतो काय बिचारा.

मला फोन आला तो असा. "दवाखान्यात आहे. बोटांचा रंग गेलाय. ये." आणि ठेवला. मॅनेजर मीटिंगमध्ये होता, मी त्याला न सांगता निघाले. खाली शेअर रिक्षा उभी होती, मागे तिघं बसलेले. रिक्षावाला म्हणाला, "या ना मॅडम, होतंय ॲडजस्ट." मी त्या माणसावर अशी काही ओरडले की त्याने हात जोडले. त्याची काय चूक म्हणा. पण त्या क्षणी मला तो शब्द ऐकायचाच नव्हता.

मी पोचले तोवर दवाखान्यात एक नाट्यप्रवेश होऊन गेला होता. काउंटरवरच्या मुलीने काकूंना सांगितलं होतं, डॉक्टर पाचला येतील, तोवर बाकावर बसा, थोडं ॲडजस्ट करा. काकूंनी तिला म्हणे शांतपणे सांगितलं, "बाळ, ह्या बाई आयुष्यभर तेच करत आल्यात, म्हणून तर इथे आहेत. आता तू कर. डॉक्टरांना फोन लाव, मी इथेच उभी आहे." आणि त्या काउंटरला टेकून उभ्या राहिल्या, गाऊनवर, येणारे-जाणारे बघताहेत त्याची पर्वा न करता. डॉक्टर घरून आले.

प्लास्टर कापायचं यंत्र घूं घूं करतं. आईला वाटलं, हातच कापताहेत. मी तिचं डोकं पोटाशी धरलं होतं. डॉक्टरांनी वरपासून खालपर्यंत सरळ चीर दिली, आतला कापूस कापला आणि प्लास्टर दोन्ही बाजूंनी फाकवलं. मग आम्ही तिघी आणि डॉक्टर बोटांकडे बघत राहिलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. आधी अंगठा उजळला. मग बाकीची. करंगळी सगळ्यात शेवटी. डॉक्टर म्हणाले, "हलवा मावशी." करंगळी हलली नाही, बाकीची हलली. माझा जीव भांड्यात पडला, पण करंगळीएवढा बाहेरच राहिला.

"आणखी तास-दोन तास गेले असते तर ही बोटं कायमची गेली असती," डॉक्टर म्हणाले. "आता प्लास्टर मी ॲडजस्ट करून देतो, सैल पट्टीने बांधतो. सूज उतरली की नवीन घालू."

इतक्या वर्षांनी मी तो शब्द शाळेतल्या बाईंसारखा ऐकला. प्लास्टर ॲडजस्ट होणार होतं. आई नाही.

आई चीर दिलेल्या प्लास्टरकडे बघत होती. डोळे अजून ओले. म्हणाली, "ह्याच्यात मायाच ठेवली नव्हती ना जी. मंग उसवावंच लागन."

डॉक्टरांना काही कळलं नाही. काकूंना कळलं. त्या फसकन हसल्या, आणि मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

घरी येईपर्यंत मी दम धरला. घरी आल्यावर फुटले. "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? तुला समजलं होतं ना? हाव जी म्हणाली होती ना? मग बसून काय राहिलीस? हाक का नाही मारली?"

आई खाली मान घालून म्हणाली, "ताई झोपल्या होत्या."

"काय?"

"ताई झोपल्या होत्या ना. म्हटलं, चारले उठतीलच."

माय वं! हात चालला होता, अन् ताई झोपल्या होत्या! मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. मी आणखी काहीतरी बोलणार होते, पण काकूंकडे लक्ष गेलं. त्या पाण्याचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या. चेहरा उतरला होता.

"माझ्या झोपेसाठी?" त्या म्हणाल्या. "अहो, झोपच होती ती. रोज असते."

आणि पेला टेबलावर ठेवून आत गेल्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं. आई तर अपराध्यासारखी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, एक वाजला, काकू आडव्या झाल्या. खोलीचं दार उघडं होतं. बेलचं बटण चालू होतं. दीड वाजता कुरिअरवाल्याने बेल वाजवली, बहुधा चुकून, सवयीने जिन्यात थांबायचं विसरला असेल. काकू उठल्या, पाकीट घेतलं, त्याला "दुपारची वेळ आहे, कळत नाही?" असं सुनावलं, आणि परत झोपल्या. बटण मात्र चालूच ठेवलं.

मग आईची शिकवणी सुरू झाली. सकाळी उठल्यावर, दुपारी, रात्री झोपताना, काकू पलंगाशी येऊन उभ्या राहायच्या. "दुखतंय? हो की नाही?" आईला सुरुवातीला फार जड जायचं. "थोडंसं" म्हणाली की काकू म्हणायच्या, "थोडंसं मी विचारलं नाही." "चालते" म्हणाली की म्हणायच्या, "चालत काही नाही, तुम्ही बसलेल्या आहात." मग आई पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, "हो, दुखते बाप्पा!" काकू "हं. पुढे?" म्हणायच्या. आणि मग आई पुढे सांगायची. कुठे दुखतं, कसं ठणकतं, करंगळीत मुंग्या येतात. एकदा सुरू झाली की थांबायची नाही. ट्रंक कॉलवाल्या काकू गुडघे चोळत सगळं ऐकून घ्यायच्या. मी बाहेरच्या खोलीतून ऐकायचे आणि मला वाटायचं, माझ्या आईला इतकं काय काय दुखतं आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

एका सकाळी काकूंनी कॉफीचा कप समोर ठेवला. आईने कप डाव्या हाताने मागे सरकवला. मग म्हणाली, "ताई, मले चहा पाहिजे."

"मग इतके दिवस?"

"इतके दिवस बी कॉफी नव्हती आवडत."

"अहो, पण मग बोलायचं ना! वाया गेली माझी एवढी कॉफी!" काकू भयंकर चिडल्या. आणि त्यांनी चहा केला. आलं घालून.

प्लास्टर निघालं, मग कापडाचा बोळा दाबायचा व्यायाम, मग आई गावी गेली. मशीन सुरू झालं. करंगळी अजून थोडी आखडलेली आहे, पण काज करायला करंगळी लागत नाही, असं आई सांगते. पहिला ब्लाउज तिने काकूंना शिवून पाठवला. काकूंनी मला निरोप दिला, "बाही घट्ट आहे म्हणून कळव." मी घाबरतच कळवलं. आई खूश! म्हणाली, "सांगितलं ना त्याहिनं! त्याहिले म्हणा, आत माया आहे, उसवून घ्या."

आता मी विश्रांतवाडीला राहते, दोन मुलींबरोबर फ्लॅट घेतलाय. ऑफिस बदललं. नवीन साहेब पहिल्याच दिवशी म्हणाला होता की काम जास्त आहे, तीन महिने ॲडजस्ट कर. तीन महिने होऊन गेले, साहेब विसरला. दिवसभर कीबोर्ड आणि माउस. मनगटात कळ यायला लागली, मग बोटांत मुंग्या. मी औषधाच्या दुकानातून पट्टा आणला आणि बांधला. पट्टा बांधला की होतं काम. ऑफिसात बोलले नाही, उगाच कशाला. घरी तर नाहीच नाही.

परवा रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि चहा करत होते. आई गावातलं कोणाचं तरी लग्न सांगत होती. मधेच थांबली.

"डाव्या हातानं काहून ढवळतं?"

"असंच."

"उजवा दाखव."

मी उजवा हात ओट्याखाली घेतला. "काही नाही गं आई. थोडं मनगट धरलंय. होतंय ॲडजस्ट."

स्क्रीनवर आई थिजल्यासारखी दिसली. मला वाटलं, रेंज गेली. मी फोन उचलून बघितलं तर आई रोखून माझ्याकडे बघत होती. मशीनवर बसलेली, चष्मा कपाळावर.

"मी तुले ते नाही विचारलं," आई म्हणाली. "दुखते? हो की नाही?"

मी काहीतरी हसण्यावारी नेणार होते. तोंड उघडलं आणि ओट्याखालचा हात आपोआप वर आला.

"हो," मी म्हटलं.

"हं. मंग?"

मग मी सगळं सांगितलं. मनगट, मुंग्या, साहेब, पट्टा. चहा उतू जाऊन गॅस विझला तरी मी बोलतच होते. आईने मधे एकदाही टोकलं नाही. माझं संपलं तेव्हा तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि हातातला ब्लाउज बाजूला ठेवला.

"रातच्या गाडीनं येतो मी," ती म्हणाली. "उद्या तुले डॉक्टरकडे नेतो."

"अगं, इथे आम्ही तिघी आहोत," मी म्हटलं. "जागा नाही फारशी. तुला थोडं ॲडजस्ट..."

"ॲडजस्ट होणार नाही," आई म्हणाली. "पलंग लावून ठेव."